निवेदनाविना: यंत्रमागाच्या कारखान्यावर लघुपट करताना

माहितीपट म्हटला की निवेदकाचा आवाज आलाच, अशी आपल्या कानांना सवय लागलेली आहे. 1948 साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखवले जात आणि त्यांतला तो धीरगंभीर आवाज धरण असो वा लसीकरण, सगळे काही एकाच सुरात समजावून सांगे. सोलापूरच्या पूर्व भागातील एका चादरीच्या कारखान्यावर लघुपट करायचे ठरले, तेव्हा मीही सवयीने आधी निवेदनच लिहायला बसलो होतो. पण ते कोणत्या भाषेत लिहायचे, इथेच गाडी अडली. कारखान्यातील बहुतेक विणकर पद्मशाली या विणकर समाजाचे, घरी तेलुगू बोलणारे. कांड्या, म्हणजे सुताच्या नळ्या, भरणाऱ्या बायकांपैकी काही कन्नड बोलणाऱ्या. बाजारात मराठी आणि हिशेबाला हिंदीमिश्रित असे काहीतरी. यांपैकी कोणतीही एक भाषा निवडली असती, तरी कारखान्यातील निम्मी माणसे स्वतःच्याच चित्रपटात परकी झाली असती.

शिवाय माग चालू असताना तिथे कोणी बोलतच नाही. मागात आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या दोन्ही बाजूंच्या ठोक्यांत शेजाऱ्याचे शब्दही ऐकू येत नाहीत, त्यामुळे सगळा व्यवहार हाताने आणि भुवयांनी चालतो. दोन बोटे जुळवून फिरवली की ‘धागा तुटला, गाठ मार’, आणि अंगठा ओठांशी नेला की चहा आला. ज्या जागेत शब्द चालत नाहीत, त्या जागेवरच्या चित्रपटात ते कशाला हवेत, असा विचार करून मी निवेदन बाजूला ठेवले.

कॅमेरा हाती घेण्याआधी निवेदनाविना चित्रपटांच्या परंपरेतील काही चित्रपट नीट पाहिले. सोव्हिएत दिग्दर्शक झिगा व्हेर्तोव्हच्या 1929 सालच्या ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’च्या सुरुवातीलाच जाहीर केलेले आहे की यात दृश्यांमधल्या मजकुराच्या पाट्या नाहीत, पटकथा नाही, नट नाहीत, त्यात सूतकताईची यंत्रेही आहेत आणि संकलनाच्या टेबलाशी बसलेली व्हेर्तोव्हची पत्नी एलिझावेता स्विलोवाही. मला सर्वांत उपयोगी पडला तो डच दिग्दर्शक बर्ट हान्स्त्रा यांचा 1958 सालचा ‘ग्लास’. फुंकून काच घडवणारे कारागीर आणि बाटल्या ओतणारे यंत्र यांच्यावरचा हा जेमतेम दहा-अकरा मिनिटांचा लघुपट आहे. त्यात यंत्रावर एका बाटलीचे काहीतरी बिनसते, यंत्र मात्र त्याच ठेक्यात मागच्या बाटल्या फोडत राहते आणि शेवटी एका माणसाचा हात मध्ये येतो. यंत्र आणि माणूस यांच्यावर लिहिलेल्या पानभर निवेदनाने जे साधले नसते, ते तिथे हसता हसता साधून जाते.

चित्रीकरणाची परवानगी मिळवणे तुलनेने सोपे गेले. कारखान्यातील ट्यूबलाइटमुळे चित्रात पट्टे सरकू नयेत म्हणून सेकंदाला 25 चौकटी आणि शटर 1/50 एवढे ठेवले, कारण आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असते. ध्वनीसाठी वेगळा रेकॉर्डर घेतला आणि त्यातली आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद केली. ती चालू असती, तर एक माग बंद पडताच बाकीच्यांचा आवाज फुगून वर आला असता.

खरी कसोटी होती जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची. चादरीवर मोर उमटतो तो मागाच्या डोक्यावर फिरणाऱ्या भोके पाडलेल्या पत्त्यांच्या माळेमुळे. पत्त्यावर जिथे भोक असते तिथली सुई आत शिरते, तिला जोडलेला हूक वर उचलला जातो आणि ताण्याचा तो उभा धागा वर जातो. भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो. मग मधून धोटा निघून जातो आणि एका पत्त्यामागे बाण्याचा एक आडवा धागा पडतो. लिहायला चार ओळी पुरतात, पण न बोलता हे दाखवायचे म्हणजे क्रमच बोलला पाहिजे. आधी नुसता पत्ता, मग हूक, मग वर जाणारे धागे आणि मोराची फक्त चोच विणून होत असलेली. पूर्ण मोर मी बराच वेळ दाखवला नाही. प्रेक्षकाला पत्त्याचा आणि चोचीचा संबंध स्वतःचा स्वतः लागला की तो जी मान डोलावतो, ती आयत्या माहितीने डोलत नाही.

दृश्य किती लांब ठेवायचे, हा प्रश्न निवेदन असताना पडत नाही. वाक्य संपले की दृश्य बदलते. इथे उत्तर मागानेच दिले. धोट्यातील कांडी संपते, माग थांबतो, विणकर कांडी बदलतो आणि माग पुन्हा सुरू होतो. मुख्य दृश्य मी एका कांडीच्या लांबीचे ठेवले. सुरुवातीला डोळा ‘हा माग, हा विणकर’ असे ओळखून मोकळा होतो आणि कंटाळतो. त्या कंटाळ्याच्या पलीकडे गेल्यावर त्याला बनियनवर साठलेला कापसाचा भुसा दिसू लागतो.

संगीत घालण्याचा मोह झाला. गॉडफ्री रेजिओ यांच्या 1982 सालच्या ‘कोयानिस्कात्सी’त फिलिप ग्लास यांचे संगीत आणि चित्रे परस्परांशी जुळवत घडवली गेली, म्हणून ते तिथे शोभते. आयते संगीत लावून पाहिले, तर तेच नवा निवेदक होऊन ‘आता वाईट वाटून घ्या’ असे सांगू लागले. दृश्यांच्या जोडकामाचेही तसेच. ‘बराका’ या निवेदनाविनाच्याच चित्रपटात यंत्रावरून जाणारी कोंबडीची पिल्ले आणि शहरातील गर्दी आलटून पालटून दाखवली आहेत, परिणाम जबरदस्त आहे, पण त्या गर्दीतील माणसांना कोणी विचारले नव्हते. ज्यांच्या घरी मी चहा प्यायलो, त्यांना यंत्राच्या भागांशेजारी जोडण्याची माझी तयारी नव्हती.

पहिला खेळ कारखान्यातच, सुट्टीच्या दिवशी, भिंतीवर पांढरी चादर लावून केला. एक वयस्कर विणकर मध्येच म्हणाले, “तो कोपऱ्यातला माग बघा, धोट्याला ठोकणारा पिकर झिजलाय त्याचा. ऐका की, ठोका कसा पडतोय.” पडद्यावर तो माग दिसतही नव्हता. पण नंतर कांड्या भरणाऱ्या एका मावशींनी विचारले, “सगळं छान दाखवलंय, सर. मजुरी कुठं आहे ह्यात?”

शब्दांविना मजुरी सांगता येत नाही, हा या प्रकारातल्या चित्रपटावरचा जुना आणि रास्त आक्षेप आहे. तेवढ्यापुरती एक पाटी टाकावी, असे एका मित्राने सुचवले. मी त्याऐवजी आठवड्याच्या पगाराच्या दिवशी पुन्हा गेलो आणि मावशींच्या संमतीने त्यांच्या हातावर पडलेल्या नोटा, त्या मोजून कनवटीला लागेपर्यंत, न तोडता टिपल्या. पुढच्या खेळाला हे दृश्य आले, तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने तेलुगूत नोटा मोजू लागले.