जामीन मंजूर, तरी आत

येरवडा महिला कारागृहाकडून आलेल्या यादीत तिच्या नावापुढे दोन नोंदी होत्या. जामीन 26 दिवसांपूर्वी मंजूर. सोबत मुलगा, वय 5 वर्षं 11 महिने.

गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवरची वकील म्हणून मला दुसरी नोंद जास्त घाईची वाटली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या निकालानुसार तुरुंगात मूल आईजवळ राहतं ते सहा वर्षांचं होईपर्यंतच. पुढे नातेवाईक, नाहीतर बालगृह. तेही शक्यतो त्याच शहरात, आठवड्यातून एकदा आईची भेट घडवून.

मुलाखतीत तिने जामिनाचं काहीच विचारलं नाही. "वकीलबाई, पोराला कुठं नेणार हायेत, तेवढं आधी सांगा."

अडलं होतं जामीनदारावर. रक्कम 25,000, आणि जामीनदार स्थानिकच हवा. ती बीडची, पुण्यात बांधकामावर आलेली. भावाकडे सातबारा होता, पण त्यावर चार नावं. बाकी तिघांच्या संमतीवाचून ऐपतीचा दाखला निघेना. ज्या बायकांना भेटायलाच कुणी येत नाही, त्यांचे कागद फिरवणार कोण?

अर्ज दीड पानाचा केला. 31 जानेवारी 2023 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत: महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करू शकतं, आणि स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळेही सुटका रखडते. मुलाचा जन्मदाखला जोडला. वय तोंडी सांगून भागत नाही. वैयक्तिक जातमुचलक्यावर, म्हणजे तिच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सुटका मिळाली. जामीनदार महिन्याभरात, कुठल्याही जिल्ह्यातला चालेल.

तरी त्या दिवशी ती सुटली नाही. फिर्यादीत माहेरचं नाव, म्हणून आदेशातही तेच. जेल वॉरंटवर, म्हणजे तुरुंगात ठेवण्याच्या आदेशावर, सासरचं. अशा कागदावर तुरुंग कुणाला सोडत नाही, आणि सोडूही नये. 'उर्फ' एवढा एक शब्द घालून घेईपर्यंत बराकींना कुलपं लागली होती. हे पहिल्याच भेटीत दिसायला हवं होतं. वॉरंट आणि दोषारोपपत्र शेजारी ठेवून नाव, गुन्हा क्रमांक आणि ती आणखी कुठल्या गुन्ह्यात अटकेत आहे का, एवढं ताडून पाहायला दहा मिनिटं लागतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेक बाहेर आले. पोलीस ठाण्यातली दर सोमवारची हजेरी मात्र कायम आहे. एसटीत दोघांनाही अर्धं तिकीट पडतं, पण बीडहून येऊनजाऊन तिचे मजुरीचे दोन दिवस बुडतात. ती अट बदलण्याचा अर्ज अजून बाकी आहे.