तुम्ही विचारलंत म्हणून : कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

महिन्यातून दोन-तीन फोन येतातच. परवा तासगावच्या एका बेदाणावाल्यांचा आला, त्याआधी शिरोलीतल्या एका फौंड्रीवाल्यांचा. प्रश्न सगळ्यांचा एकच : "तुम्ही घडीखात्यात एआय बसवलंय म्हणे. आम्हालाही करायचंय. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" घडीखातं म्हणजे विणलेलं कापड तपासून घडी घालायची जागा. मी "एकदा येऊन बघा" म्हणतो, कारण फोनवर नीट सांगता येत नाही. आज सविस्तर लिहितो.

आमचा कापड विणण्याचा धंदा इचलकरंजीत, तिसऱ्या पिढीचा. आजोबांचे चार साधे माग होते, वडिलांनी चोवीस केले, आता निम्मे शटललेस, म्हणजे बिनधोट्याचे, आहेत. गावात पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांच्या पाठबळावर. तेव्हापासून हे गाव मागाच्या आवाजातच वाढलंय. नवं यंत्र आलं म्हणून इथे कुणी दचकत नाही. "माझी रोजी राहील का?" हा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या यंत्राबरोबर येतो, आणि तो विचारायचा कामगाराला पूर्ण हक्क आहे.

मागावरून उतरलेलं कोरं कापड घडीखात्यात येतं. टेबलाच्या काचेखाली ट्यूबलाइट असते. कापड वरून सरकत जातं आणि मेहता, म्हणजे कापड तपासणारे कारकून, त्यातले दोष टिपतात : तुटका ताणा (उभा धागा), दुहेरी बाणा (आडवा धागा), जाळं (धागे न विणता मोकळे राहिलेली जागा), गाठ, तेलाचा डाग. निर्यातीचा व्यापारी चार पॉइंटांच्या पद्धतीने मोजतो. 3 इंचांपर्यंतच्या दोषाला 1 पॉइंट, 6 इंचांपर्यंत 2, 9 इंचांपर्यंत 3 आणि त्यापुढे 4. शंभर चौरस वारांत 40 च्या वर गेलं की बहुतेक ठिकाणी माल परत येतो, नाहीतर भाव तुटतो.

आमचे मेहता एकतीस वर्षं त्या टेबलावर आहेत. मला ते लहानपणी खांद्यावर घेऊन कांडीखात्यातून, म्हणजे बाण्याच्या कांड्या भरतात तिथून, फिरवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्याच सुमारास एका पूर्ण बीमच्या (ताणा गुंडाळलेल्या रुळाच्या) कापडात ताण्याचा एकच धागा गायब राहिला आणि तो कुणालाच दिसला नाही. रंगवल्यावर पांढरी रेघ उभीच्या उभी उमटली. सगळा माल परत आला. मेहता दोन दिवस जेवले नाहीत, असं काकूंनी नंतर सांगितलं. कॅमेऱ्याचा विचार माझ्या मनात तेव्हा पक्का झाला.

पहिला प्रयत्न फसला. एका विक्रेत्याने प्रात्यक्षिकात भोकं आणि डाग फटाफट पकडून दाखवले, मी आगाऊ रक्कम दिली. आमच्या शेडमध्ये तोच कॅमेरा ज्या दोषासाठी आणला तोच बघेना. कारण साध्या भागाकारात होतं आणि तो मी आधीच करायला हवा होता. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, 160 सेंटीमीटर, कॅमेऱ्याच्या एका ओळीत 4096 ठिपके. म्हणजे एका ठिपक्यात साधारण 0.39 मिलिमीटर कापड. आमचं चाळीस नंबरचं सूत जाडीला 0.15 मिलिमीटरच्या आसपास. एका ठिपक्यात दोन-दोन धागे बसले, तर त्यातला एक नसल्याचं त्याला कळणार कसं? पन्ह्यावर तीन कॅमेरे लावले तेव्हा कुठे एकेक धागा वेगळा दिसायला लागला. खर्च तिप्पट झाला. विकत घेण्याआधी विक्रेत्याला तुमचा सगळ्यात अवघड दोष द्या आणि तोच शोधून दाखवायला सांगा.

पण कॅमेरे बसले म्हणजे काम झालं असं नाही. यंत्राला शिकवायचं तर हजारो फोटोंना नावं द्यावी लागतात : हा दोष अमुक, हा तमुक. मला वाटलं, आठवड्याचं काम. मेहता, जॉबर (माग दुरुस्त करणारा) आणि आमचे एक जुने दलाल अशा तिघांना एकेक गठ्ठा दिला. तीच दोनशे चित्रं, आणि उत्तरं जागोजागी वेगळी. मेहता म्हणाले "जाळं", जॉबर म्हणाला "तुटका ताणाच हा", दलालांनी लिहिलं "चालेल". मी आधी वैतागलो. मग तिघांना चहाला एकत्र बसवलं आणि उलगडा झाला. मेहता दोष दिसतो कसा ते सांगत होते. जॉबर तो झाला कशाने ते सांगत होता. दलाल मनातल्या मनात ते कापड रंगवून बघत होते. तिघेही बरोबर होते. आमच्या धंद्यात शंभर वर्षं या तिन्ही गोष्टींना एकाच नावाने हाक मारत होते, कारण विचारायला माणूस समोर असायचा.

त्यानंतर प्रत्येक चित्राला तीन रकाने केले : दिसतं कसं, झालं कशाने, रंगात झाकेल का. या कामाला तीन महिने लागले. सॉफ्टवेअरचं काम त्याच्या पावपटही नव्हतं.

त्या महिन्यांतली एक दुपार विसरणार नाही. पडद्यावर कापडात आडवी पट्टी दिसत होती, इतकी फिकट की यंत्र तिला उजेडातला फरक समजून सोडून देत होतं. मेहतांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. कापड हातात घेतलं, डोळे मिटून तळवा फिरवला, थांबले. "हितं बाणा दाटलाय. लाईट कधी गेली होती?" वही काढली. सकाळी सव्वाअकराला वीज गेली होती. माग थांबून पुन्हा सुरू होताना पहिले काही धागे दाटून बसतात, त्याचीच ती पट्टी. त्या दिवशीच्या सगळ्या मागांचं कापड काढलं, तर साताठ मागांवर सव्वाअकराच्या जागी तीच खूण. आता वीज गेल्याची वेळ यंत्राला आपोआप कळते आणि तेवढ्या कापडावर ते जास्त बारकाईने बघतं. हे कुठल्याच विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नव्हतं. ते त्या तळव्यात होतं.

उलटंही झालंय, आणि त्याचा मेहतांनाच जास्त आनंद होतो. एक बारीक डाग यंत्राने दर 47 सेंटीमीटरला मोजून दाखवला. मेहतांनी लगेच पट्टी घेऊन कापड ओढणाऱ्या रोलरचा घेर मोजला. 47. रोलरवरचा एक खिळा वर आला होता. एवढ्या अंतराने येणारा एवढासा डाग नजरेने जुळवणं कुणालाच शक्य नव्हतं.

आता रोजीचं. कॅमेरे लागले त्याच आठवड्यात एका माग कामगाराने सगळ्यांसमोर विचारलं, "मालक, यावरनं पगार कापणार काय?" आमच्याकडे मजुरी पिकावर (विणलेल्या बाण्यांच्या मोजणीवर) आणि मीटरवर ठरते आणि दोषाची कपात ही जुनी दुखरी जागा आहे. मी त्याच दिवशी कागदावर लिहून सही करून लावलं की कॅमेऱ्याची खूण जॉबरकडे जाईल, पगाराच्या वहीकडे नाही. मनापासून लावलं. धागा कच्चा असतो, साईझिंग (ताण्याला दिलेली खळ) नीट बसलेलं नसतं, धोट्याची पेटी झिजलेली असते, आणि दंड मात्र विणणाऱ्याला, हे मला लहानपणापासून खुपायचं. कपात सुरू केली असती तर लोकांनी दोष लपवले असते, आणि लपवलेल्या दोषांवर यंत्र काय शिकणार होतं? आता कामगार स्वतः येऊन सांगतात, तेरा नंबरवर धागा सारखा तुटतोय, बघा.

घडीवर चौघं होती. कुणाला काढलं नाही. एक मावशी वयाने निवृत्त झाल्या, ती जागा मात्र आम्ही भरली नाही. हे लपवून ठेवणं मला बरोबर वाटत नाही. तुम्हालाही हा हिशेब करावा लागेल आणि तो आधी करा, माणसांना विश्वासात घेऊन.

फायदा टेबलावर शोधू नका. कापड तपासून झाल्यावर दोष सापडला तर तो फक्त मोजला जातो, कापड तर विणून झालेलं असतं. फायदा आहे माग लवकर थांबण्यात. टोयोटाच्या मोटारी येण्याआधी साकिची टोयोडांनी 1924 मध्ये धागा तुटला की स्वतः थांबणारा माग पूर्ण केला. 1929 मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या माग बनवणाऱ्या कंपनीनेच घेतले. आमच्या साध्या मागांना ती सोय नाही. म्हणून आता सहा मागांवर कापड गुंडाळतं तिथेच छोटे कॅमेरे लावलेत, पाचशे मीटरचं नुकसान पाच मीटरवर अडवायला.

अडचणी अजून आहेत. रुई उडते, काचेवर बसते, दर पाळीला हवा मारावी लागते. पहिल्या पंधरवड्यात यंत्र खडूच्या खुणेलाही दोष म्हणून ओरडायचं, इतकं की टेबलावरच्या बायकांनी आवाज बंद करून टाकला होता. चौकड्याच्या आणि डॉबीच्या (विणीतच बारीक नक्षी असलेल्या) कापडावर ते अजून चुकतं, तो माल पूर्ण मेहताच बघतात. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, नजर छान आहे. नवी क्वालिटी मागावर चढली की पहिले दोन बीम तेच तपासतात, शेजारी पडद्यावर आमची नवी मुलगी त्यांचं ऐकत खुणा करते.

तासगावच्या बेदाणावाल्यांना मी विचारलं, निवड करताना एखाद्या दाण्याचा रंग हिरव्यात धरायचा की पिवळ्यात, असा वाद झाला तर तुमच्याकडे कुणाला हाक मारतात? ते लगेच म्हणाले, "आमच्या एक आक्का आहेत. त्या हो म्हणाल्याशिवाय बॉक्स बंद होत नाही." मी म्हटलं, आधी त्यांच्याजवळ बसा, महिनाभर, वही घेऊन. ते जरा घुटमळले. आक्का लेकीच्या बाळंतपणाला मिरजेला गेल्यात, दिवाळीनंतर येतील.

मग मी त्यांना दिवाळीनंतरच यायला सांगितलंय, आक्कांना घेऊन.