आयडलला बंद पडणारं इंजिन आणि वाया गेलेले पाच रविवार

"स्क्रू जरा फिरवून बघ." गेल्या हिवाळ्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की आता कोणी नुसतं उच्चारलं तरी डोक्यात तिडीक जाते. सांगणाऱ्यांची मनं चांगली होती, पण आयडलचं, म्हणजे इंजिन अगदी मंद चालतं तेव्हाचं, हवा-इंधनाचं मिश्रण ठरवणाऱ्या त्या एका स्क्रूपायी माझे पाच रविवार गेले आणि माझं रिमोटवर उडणारं मॉडेल विमान दोनदा ज्वारीत उतरलं.

विमान साधं, हाय-विंग ट्रेनर, म्हणजे वर पंख असलेलं शिकाऊ विमान. इंजिन ग्लो, म्हणजे ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने इंधन पेटवणारं. साइझ ४०, म्हणजे ०.४० घन इंच, साधारण साडेसहा सीसी. प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, १० बाय ६ इंच. फुल थ्रॉटलला इतकं सुरेख चालायचं की ऐकत राहावं. पण उतरायला म्हणून थ्रॉटल खाली घेतला, की वीस-तीस सेकंद टिकायचं आणि गप्प. धावपट्टी अजून शंभर मीटर पुढे, आणि समोरून वाऱ्याचा नुसता सूं आवाज. इंजिन सुरू करणं, रनिंग-इन (नवं इंजिन रुळवणं), मोठी नीडल (फुल थ्रॉटलचं इंधन ठरवणारी सुई) लावणं यात काहीच अडलं नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. अडलं ते फक्त आयडलला.

पहिला रविवार स्क्रूच्या दिशेत गेला. आमच्या माळावर बहुतेकांची इंजिनं दोन नीडलवाली आहेत. त्यांत छोटा स्क्रू आत घेतला की इंधन कमी होतं, मिश्रण लीन होतं. माझं कार्ब्युरेटर जुन्या धाटणीचं, एअर-ब्लीडचं. त्याच्या पुढच्या बाजूला सुईएवढं भोक असतं आणि स्क्रू त्या भोकाच्या आड येतो. इथे स्क्रू आत घेतला की हवा कमी होते, म्हणजे मिश्रण रिच होतं. बरोब्बर उलटं. मला सांगत होते, "पाव आटा आत घे, लीन होईल." मी घेत होतो आणि इंजिन जास्तच गुदमरत होतं, मफलरमधून तेल उडून पंखाचा खालचा भाग चिकट होत होता. तेव्हा कोणाचाही सल्ला ऐकण्याआधी आपल्या कार्ब्युरेटरला ते भोक आहे का ते बघा. आणि स्क्रूला हात लावायच्या आधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती आटे बसतात ते मोजून वहीत लिहा. मी लिहिलं नव्हतं, त्यामुळे मूळ जागा कुठे होती ते मला आजही माहीत नाही.

दुसरा रविवार प्लगवर गेला. ग्लो इंजिनाला ठिणगी नसते. प्लगमधली प्लॅटिनमची बारीक तार आधी दीड व्होल्टच्या सेलने तापवायची. मग सेल काढला तरी मिथेनॉल आणि प्लॅटिनम यांच्यातल्या क्रियेमुळे आणि सिलिंडरमधल्या उष्णतेमुळे ती लाल राहते. आयडलला ही उष्णता सगळ्यांत कमी असते, म्हणून प्लग कमजोर असेल तर तो पहिला तिथेच दगा देतो. त्याची परीक्षा सोपी आहे. आयडलला इंजिन चालू असताना ग्लो ड्रायव्हर, म्हणजे प्लग तापवणारा तो सेल, काढा. आवाज लक्षात येईल इतका खाली आला, तर प्लग बदलायचा झालाय किंवा मिश्रण फार रिच आहे. माझ्या इंजिनाचा आवाज खाली आला, मी नवा हॉट प्लग, म्हणजे उष्णता जास्त धरून ठेवणारा, घातला. माझं इंधन ८० टक्के मिथेनॉल, २० टक्के एरंडेल, नायट्रो अजिबात नाही. नायट्रोमिथेन असलं की आयडल धरायला सोपं जातं, ते नसेल तर हॉट प्लगच हवा. फरक पडला, वीस सेकंदांची चाळीस झाली. दुकानदाराने आणखी महागडा प्लग गळ्यात मारला. तो घालून पुन्हा चाळीसच.

तिसरा रविवार टाकीचा. टाकीची मध्यरेषा कार्ब्युरेटरच्या जेटच्या (इंधन येतं त्या भोकाच्या) पातळीत किंवा त्याच्या किंचित खाली हवी. वर असेल तर थ्रॉटल कमी केल्यावरही इंधन आपोआप ओघळत राहतं. माझी टाकी योग्य जागी होती. आतला क्लंक (इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाचं वजन) मोकळा होता, मफलरमधून टाकीला दाब देणारी नळी नीट होती. तरीही टाकी बाहेर काढून फोम कापून पुन्हा बसवण्यात अख्खी सकाळ गेली.

इथपर्यंत मी जे केलं ते चुकीचं नव्हतं, पण माझ्या इंजिनाच्या वागण्याकडे मी नीट बघतच नव्हतो. त्या माळावर एक काका येतात, वायुदलातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. चौथ्या रविवारी माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर त्यांनी काढून घेतला. म्हणाले, "अरे, आजारी माणसाला नुसत्या गोळ्या बदलून देतोयस. नाडी बघितलीस का?"

नाडी म्हणजे नळी चिमटीत दाबायची. इंजिन आयडलला स्थिर झालं की प्रॉपच्या मागे उभं राहून कार्ब्युरेटरला जाणारी इंधनाची नळी दाबून धरायची. दोन-चार सेकंद चालून, आवाज किंचित वर जाऊन बंद पडलं, तर मिश्रण बरोबर. न वाढता तिथल्या तिथे मेलं, तर लीन. आवाज वर वर चढत बराच वेळ चालत राहिलं, तर रिच. हे मला कोणी पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही, याचा राग अजून जात नाही.

आम्ही सहा वेळा नळी दाबली. दोनदा तिथल्या तिथे मेलं, तीनदा आवाज चढला, एकदा अगदी बरोबर. स्क्रू जागच्या जागी, इंधन तेच, हवामान तेच. काका म्हणाले, "फुल थ्रॉटलवरून एकदम खाली घे बघू." मी घेतला. आवाज लगेच उतरायला हवा होता, पण तो वरच रेंगाळला, मग हळूहळू खाली आला, कुरकुरला आणि बंद. काका म्हणाले, "कुठूनतरी चोरून हवा घेतंय. ती वाट सापडेपर्यंत स्क्रूला हात लावू नकोस."

फुलला चालतं आणि आयडललाच का मरतं, ते तेव्हा मला उमगलं. फुल थ्रॉटलला इंजिन इतकी हवा ओढतं की तीळभर फटीतून येणारी जादा हवा खिजगणतीत नसते. आयडलला कार्ब्युरेटरची बॅरल (हवेचं फिरतं दार) जेमतेम मिलिमीटरभर उघडी असते. तिथे तीच तीळभर फट म्हणजे दुसरं दार उघडं टाकल्यासारखं. आणि मी काय करत होतो? त्या फटीतून येणाऱ्या हवेची भरपाई म्हणून स्क्रूने मिश्रण रिच करत होतो. मग कधी फट जिंकायची, कधी स्क्रू.

फट शोधायची कशी, ते मला बुधवारी संध्याकाळी पंक्चरच्या दुकानात दिसलं. माझ्या स्कूटरच्या ट्यूबलेस टायरवर तो दादा साबणाचं पाणी सोडत होता, आणि एका जागी बारीक बुडबुड्यांचा पुंजका उठला. घरी येईपर्यंत मला धीर नव्हता.

इंजिन विमानावरून काढलं. मफलर काढला. प्रॉप फिरवून पिस्टन अगदी वर आणला. त्या जागी एक्झॉस्टचं दार पिस्टननेच झाकलेलं असतं आणि क्रँकशाफ्टचं दार कार्ब्युरेटरकडे उघडं असतं. इंधनाचं तोंड बंद केलं, एअर-ब्लीडच्या भोकावर टेप लावला, थ्रॉटल पूर्ण उघडला. कार्ब्युरेटरच्या तोंडात घट्ट बसेल अशी रबरी नळी खुपसली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला इंधन भरायची मोठी सिरिंज जोडली. तोंडाने फुंकू नका, मिथेनॉल विषारी असतं. मग मुलीच्या चित्रकलेच्या ब्रशने प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला आणि सिरिंजचा दट्ट्या सावकाश दाबला.

मागच्या प्लेटला काही नाही. पुढे शाफ्टपाशी थोडे बुडबुडे आले, ते थोडे येणारच. आणि कार्ब्युरेटरचा गळा इंजिनाच्या अंगात जिथे बसतो तिथे, डाव्या बाजूला, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुगत होते. मी बायकोला हाक मारून दाखवले. तिला त्यातलं काही कळत नाही, पण ती बराच वेळ बघत उभी राहिली.

कार्ब्युरेटर काढलं. खालची ओ-रिंग (फट बंद करणारी रबरी कडी) नखाने उचलली तर ती गोल राहिलीच नव्हती. वरून-खालून चपटी, एका जागी कडक होऊन तडकलेली. पावसाळ्याचे चार महिने इंजिन पडून होतं. त्याआधी कार्ब्युरेटर काढून धुतलं होतं ते मीच, आणि जुनीच रिंग परत बसवली होती. शिवाय आवळताना कार्ब्युरेटर खाली दाबून धरलं नव्हतं. हेही मीच केलं होतं, आणि ते इथे मुद्दाम सांगतोय. कार्ब्युरेटर बसवताना अंगठ्याने गच्च खाली दाबायचं, रिंग दबल्याचं जाणवलं पाहिजे, आणि दाब न सोडता बोल्ट आवळायचा.

नवी रिंग मॉडेलच्या दुकानातून मागवली असती तर दोन-तीन आठवडे लागले असते. नाना पेठेत ऑइल सीलच्या दुकानात कार्ब्युरेटरच घेऊन गेलो. काउंटरवरच्या माणसाने व्हर्नियर लावून माप घेतलं आणि डब्यातून रिंग काढली, दहा रुपयांना एक. महागड्या प्लगांवर उडवलेले पैसे आठवून त्याच्यासमोर काही बोलवेना.

पाचव्या रविवारी स्क्रू आधी मधोमध आणला, म्हणजे भोक अर्धं झाकलेलं. मोठी नीडल फुल थ्रॉटलला लावून घेतली. हे आधी करायचं, कारण ती हलली की आयडलही हलतं. मग आयडलला आणून नळी दाबली, स्क्रू आठवा हिस्सा आटा फिरवला, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबून पुन्हा दाबली. चार वेळांत जमलं. टॅकोमीटरवर, म्हणजे फेऱ्या मोजणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला २,५०० फेऱ्या.

त्या दिवशी आयडलवर घड्याळ लावून दोन मिनिटं नुसता उभा राहिलो. मग थ्रॉटल झटक्यात वर दिला, इंजिन अडखळलं नाही. पाच वेळा उडवलं, पाचही वेळा प्रॉप फिरत असताना धावपट्टीवर उतरलं आणि चालत माझ्यापर्यंत आलं.

आणखी एक, उडवून झाल्यावर नळी काढून इंजिनातलं इंधन संपू द्या आणि प्लगच्या भोकातून चार थेंब तेल सोडा. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते आत राहिलं की बेअरिंग गंजतात. त्याच कारणासाठी इंधनाच्या कॅनचं झाकणही घट्ट हवं, विशेषतः जूनपासून पुढे. साबणाने तपासणी केली असेल तर त्यानंतरही इंजिन इंधनाने धुऊन तेल सोडायला विसरू नका.

ओ-रिंगा चार आणल्या होत्या. एक बसवली, एक काकांना दिली, दोन पाकिटात ठेवल्यात. पाकिटावर मार्करने माप लिहिलंय आणि खाली तारीख, म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतर बदलायची आठवण राहील.