गुळाच्या पट्टीसाठी लिहिलेला फॉरमॅटर

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत दुकानाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. सौदे झाले की दिवाणजी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, करायला बसतात. रवे (गुळाच्या ढेपा) किती, वजन किती, दर काय, हमाली-तोलाई जाऊन हाती किती. जुन्या पडद्यावर रक्कम १२३४५६७.५ अशी सलग दिसायची आणि लाख कुठं संपला हे ते बोट ठेवून मोजायचे. ऐन हंगामात, समोर शेतकरी ताटकळलेला असताना! म्हणून फॉरमॅटर, म्हणजे आकडा वाचायला सोपा करून दाखवणारा कोड, लिहायला घेतला.

प्रत्येक फील्डला, म्हणजे पडद्यावरच्या रकान्याला, एक नियम, आणि तो सेटिंगच्या फाइलीत. रक्कम डेटाबेसात पैशांत, पूर्णांक म्हणून राहते, दिसते १२,३४,५६७.५०. वजन किलोत राहतं, दिसतं क्विंटल-किलोत. साठवलेल्या आकड्याला फॉरमॅटरनं हात लावायचा नाही, हे मी पहिल्या दिवसापासून पाळलं. स्वल्पविरामासकट मजकूर परत डेटाबेसात गेला की बेरजेचं वाटोळं झालंच म्हणून समजा.

जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आकडे सजवणारी नंबरफॉरमॅट नावाची तयार सोय आहे. नंबरफॉरमॅटला ‘एमआर-आयएन’ (भारतातली मराठी) सांगितलं की तो लाखाच्या जागी स्वल्पविराम देतो आणि अंकही आपोआप देवनागरी करतो. हिंदीला तो असे अंक आपणहून देत नाही, मराठीला देतो; मला याचा फार आनंद झाला. उलटा प्रवास मात्र आपणच करायचा. कुणी ‘१२’ टाइप केलं तर जावास्क्रिप्टला तो आकडाच वाटत नाही, त्यामुळं आत घेताना एकेक अंक बदलून घ्यावा लागतो. टाइप करताना मध्येच स्वल्पविराम घातले तर कर्सर भलतीकडं उडतो. म्हणून फील्डमध्ये असेपर्यंत साधा आकडा, बाहेर पडलं की सजलेला.

सगळ्यात जास्त विचार गाडी नंबरावर गेला. ‘एमएच ०९’ सोपं, चिकोडीकडची ‘केए २३’ही त्याच साच्यात बसते. पण २०२१पासूनच्या ‘बीएच’ (भारत) मालिकेत वर्ष आधी येतं. असा नंबर ओढूनताणून साच्यात बसवणारी टूल मी पाहिली आहेत, आणि ते मला अजिबात पटत नाही. नियम जुळला नाही तर माणसानं जे लिहिलंय तेच जसंच्या तसं दाखवावं.

रिकामं आणि शून्य हेही वेगळं ठेवलंय. वजन अजून झालं नसेल तर तिथं रेघ. शून्य दिसलं की माल आलाच नाही असा अर्थ निघतो.

शेतकऱ्यानं आधी घेतलेली उचल पट्टीपेक्षा जास्त असली की बाकी वजा येते. आकड्याआधीची ती बारीक रेघ घाईत नजरेतून सुटते, म्हणून दिवाणजींनी तिथं ‘येणे’ असा शब्दच मागितला. तो नियम आता फाइलीत आहे, आणि छापील पट्टीवरही तसाच उमटतो.