खाणीच्या गाळाचा रंग आणि लेबलवरची बारा नावं : माझा अनुभव

पणजीतल्या एका ग्रुप शोसाठी, म्हणजे अनेक कलाकारांच्या एकत्र प्रदर्शनासाठी, काम पाठवायचं ठरलं तेव्हा मला विषय शोधत बसावं लागलं नाही. माझं माहेर डिचोली तालुक्यातलं, खाणपट्ट्यातलं, लहानपणापासून बघत आलेय की पावसात डंपाची, खाणीतून काढून टाकलेल्या ढिगाऱ्याची, लाल माती वाहून खाली शेतात येते, आणि खाणीचा खड्डा भूजलाच्याही खाली गेल्यामुळे विहिरी आटल्या, मग वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भातपीक, कुठून करणार. सुप्रीम कोर्टानं २०१८ साली लोहखनिजाच्या खाणींची ८८ लीजं रद्द केली तेव्हा खाणी थांबल्या, पण आमच्या शेतातला गाळ तसाच राहिला, तो बायकाच घमेल्यांनी काढतात, अजूनही.

त्याच गाळाचा रंग करायचा आणि बायकांनी आपापल्या जुन्या सुती लुगड्यांवर आठवणीतली जमीन काढायची, झर म्हणजे झरा कुठे होती, बांध कुठून जायचा, असं मी सुचवलं. शेजारची काकी पहिली तयार झाली, मग बघता बघता अकराजणी झाल्या.

गाळ बादलीत ढवळायचा, खडे खाली बसले की वरचं लाल पाणी फडक्यातून दुसऱ्या बादलीत गाळायचं, मग दोन-तीन दिवस हात लावायचा नाही, तळाला लोण्यासारखी मऊ माती बसते ती वाळवून वाटायची. मी आधी डिंकात कालवली तर कापड दुमडलं की पोपडे निघायला लागले, सोयाबीनच्या दुधात कालवली तेव्हा धरली. लोहाचा रंग आहे, उन्हानं विटत नाही. अजून तांबडी छटा हवी म्हणून मी वारुळाची थोडी माती घेऊ या म्हटलं तर काकीनं हातच धरला, "गे बाय, ती सातेरी, तिका हात लावू नको." गोव्यात भूमीला वारुळाच्या रूपात पुजतात हे मला काय माहीत नव्हतं? पण रंगाच्या नादात विसरले होते आणि त्याचं मला फार वाईट वाटलं. इकोफेमिनिझम, म्हणजे बाईचं आणि निसर्गाचं शोषण एकत्र बघणारा विचार, हा शब्द फ्रांस्वाज द'ओबोन या फ्रेंच लेखिकेनं १९७४ साली वापरला असं मी कॉलेजात पाठ केलेलं, जमिनीकडून काय घ्यायचं नि काय नाही हे त्या दिवशी काकीनं शिकवलं.

खरी अडचण शोच्या फॉर्मची. आर्टिस्टच्या नावाला एकच रकाना. मी त्या अकराजणींची आणि माझं अशी बारा नावं लिहिली तर मेल आला, मुख्य नाव तुमचं ठेवा, बाकीच्यांचे आभार मानू. रात्रभर झोप नाही, कारण रेषा त्यांच्या, लुगडी त्यांची, जमीन त्यांची, मग आभार कसले? मी उत्तरात चित्रकार-शिल्पकार नवज्योत अल्ताफ यांच्या बस्तरमधल्या 'नलपार'बद्दल लिहिलं, तिथे हातपंपाच्या जागा स्थानिक आदिवासी कलाकारांसोबत घडवल्या, भरलेली घागर उचलण्याआधी टेकवायला जागा ठेवून, पाणी भरणाऱ्या बाईच्या पाठीचा विचार त्या कामातच आहे. आणि अमेरिकन कलाकार मिअर्ल लॅडरमन युकेलीस, जिनं १९६९ च्या जाहीरनाम्यात झाडणं-पुसणं, सांभाळणं हीच कला म्हटलं, मग गाळ उपसणं काय वेगळं? तीन मेल झाले, दोन फोन झाले, शेवटी लेबलवर नावं बाराही लागली, मराठीत, सगळी एकाच आकारात. मानधनाचेही बारा सारखे भाग केले, कुणाचं पासबुक बंद पडलेलं, कुणाचं खातं नवऱ्याच्या नावावर, त्यात महिना गेला पण प्रत्येकीचे पैसे तिच्याच हातात दिले.

ओपनिंगला सगळ्या कदंबानं, गोव्याच्या सरकारी बसनं, आल्या, आपापल्या लुगड्यासमोर उभ्या राहून लोकांना सांगत होत्या. काकीचं लुगडं एकाला विकत हवं होतं, चांगली किंमत देत होता. ती म्हणाली, ह्याच्यावर माझी बांय, म्हणजे विहीर, आहे, बांय कशी विकू. दोघींनी आपली दिली, त्यांना गरज होती, नऊ लुगडी परत गावात आली. काकीचं तिच्या ट्रंकेत आहे, नातवंडं आली की काढते आणि झर कुठे होती तिथं बोट ठेवायला लावते.