५७ टक्के आणि बुधवारची कॉलेजफेरी

जून उजाडला की आमच्या कोल्हापुरातल्या पतसंस्थेत दोन प्रकारचे कर्जाचे अर्ज वाढतात. एक बी-बियाणं, खतांचे आणि दुसरे पोरांच्या अ‍ॅडमिशनचे. दुसऱ्या प्रकारातले आईबाप काउंटरपाशी आले की लगेच ओळखू येतात. हातात प्लास्टिकची फाईल, त्यात मार्कलिस्टच्या झेरॉक्स. पोराला नव्वदच्या वर असतील तर मार्क आधी सांगतात. साठच्या आत असतील तर कॉलेजचं नाव आधी. "पुण्याला घेतलंय हो इंजिनिअरिंगला." मार्क किती, ते मग अर्ज भरताना हळूच कळतं.

माझा धाकटा या साठच्या आतल्यांपैकी. बारावी सायन्सला ५७ टक्के, सीईटीचा पर्सेंटाइल तर विचारूच नका. निकाल लागला त्या आठवड्यात आमच्या पेठेत तालमीच्या दारात भला मोठा फ्लेक्स लागला, नव्वदच्या वरच्या सगळ्यांचे फोटो घालून. आमचं पोरगं तो फ्लेक्स बांधायला शिडीवर चढलं होतं. त्याला त्याचं काही वाटलं नाही, मला वाटलं.

फोन मात्र त्याच संध्याकाळी सुरू झाले. आपला नंबर यांना कुठून मिळतो देव जाणे. "मॅडम, कॉम्प्युटरला सीट आहे, टोकन भरून लॉक करून ठेवू का?" मी विचारलं, लॅब कशी आहे? तर फोनवरची मुलगी म्हणाली, "प्लेसमेंट शंभर टक्के आहे मॅडम." वर्गात मुलं किती? "पॅकेज चांगली मिळतात मॅडम." रोज कर्जाच्या फाईली बघत असल्यामुळे असेल, पण विचारलेलं सोडून भलतंच सांगणाऱ्या माणसापुढं माझं पेन सहीला टेकत नाही.

घरात वेगळंच चाललेलं. दीर म्हणाले, "वहिनी, इंजिनिअरिंग नसलं तर पुढं लग्नाला अडचण येते बघा." सासूबाईंना पोरगं डोळ्यासमोर हवं होतं. आमच्या ह्यांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं (लोखंड कातायच्या यंत्राचं) छोटं वर्कशॉप आहे, दोन मशिनं. ते गप्प होते. मग एका रात्री जेवताना म्हणाले, "ते वाचून शिकणारं पोरगं न्हवं. करून शिकतंय." खरं होतं ते. फिजिक्सच्या पेपरात ज्यानं पाऊण पान कोरं सोडलं, तोच पोरगा मशीन सुरू केल्या केल्या नुसत्या आवाजावरून "पप्पा, मागचं बेअरिंग गेलंय" म्हणतो, आणि ते गेलेलं असतं.

मग मी वहीत लिहायला बसले. त्याच्या मार्कांवर काय मिळेल, हे एका बाजूला आणि त्याला कुठं रोज जावंसं वाटेल, हे दुसऱ्या बाजूला. बहुतेक आईबाप पहिल्या बाजूलाच थांबतात. कटऑफची यादी वरून खाली वाचत यायची, आपल्या आकड्याला जिथं बोट अडलं ते कॉलेज आपलं. पण नव्वदवाल्या पोराला कुठंही टाका, ते पुस्तक घेऊन बसेल. आपल्या पोराला तसं टाकून चालत नाही. ते दोन दिवस गेलं नाही तर कुणाच्या तरी लक्षात यायला हवं. मला असं कॉलेज हवं होतं.

वाटा तशा बऱ्याच निघाल्या. शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत कोल्हापूर, सांगली, सातारा असे तीन जिल्हे येतात (सोलापूर २००४ साली वेगळं झालं), आणि या तिन्हींत गावोगावी कॉलेजं आहेत. ज्यांना कापडात रस आहे त्यांच्यासाठी टेक्स्टाइलचं डीकेटीई कॉलेज इचलकरंजीत, म्हणजे एसटीच्या टप्प्यात. पण आमच्या कामाची वाट निघाली डिप्लोमाची. बारावी सायन्स झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतात, आणि तेही बारावीच्या मार्कांवर, सीईटी लागत नाही. पुढं डिप्लोमा चांगला झाला तर डिप्लोमाच्याच मार्कांवर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिथंही सीईटी नाही. ही गोष्ट आमच्या काउंटरवर आलेल्या कितीतरी पालकांना माहीत नसते. डिप्लोमा म्हणजे दहावीनंतर, असं डोक्यात पक्कं बसलेलं. काहींना तर तो कमीपणा वाटतो. ज्या शहराची ओळख फौंड्रीवर, म्हणजे लोखंडाच्या ओतकामावर उभी आहे, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले अशा तीन-तीन एमआयडीसी आहेत, तिथं डिप्लोमावाल्याला कमी लेखतात याचं मला नवल वाटतं.

मग आम्ही बुधवारी कॉलेजं बघायला जायला लागलो. बुधवारच का, तर सोमवारी माझी वसुलीची मीटिंग आणि शुक्रवारी आठवड्याचा हिशेब. वरच्या वर्षांचे तास सुरू झाले होते, म्हणजे कॉलेज खरं कसं चालतं ते दिसणार होतं. सुट्टीत गेलं तर नुसत्या भिंती आणि कुंड्या दिसतात.

एका ठिकाणी एसीच्या खोलीत बसवलं, थंड पाणी, चकचकीत माहितीपत्रक. आमचे हे म्हणाले, वर्कशॉप बघू या. साहेबांनी आढेवेढे घेतले, पण दाखवलं. सहा लेथ ओळीनं उभी, रंग नवा. ह्यांनी एका लेथच्या बेडवरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटाला नुसती धूळ होती. तेलाचा डाग नाही, लोखंडाच्या बुऱ्याचा कण नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "ही मशिनं चालतच नाहीत." मग गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर शेवटच्या वर्षाची तीन-चार पोरं उभी होती, त्यांना मी विचारलं, प्रॅक्टिकलचं जर्नल कसं लिहिता रे? एक हसून म्हणाला, "काकू, त्या झेरॉक्सवाल्याकडं तयार मिळतंय की."

दुसऱ्या एका कॉलेजात इमारत जुनी, जिन्यात पानाचे डाग, ऑफिसात कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. वर्कशॉपमध्ये मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. निळा कोट घातलेले एक मामा पोरांवर ओरडत होते, कारण चकची (लेथवर लोखंड पकडणाऱ्या भागाची) चावी जागेवर नव्हती. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक अवजाराचा आकार रंगानं काढलेला, म्हणजे काय गायब आहे ते लांबून कळावं. ट्रेमध्ये अर्धवट झालेले जॉब (पोरांनी मशीनवर घडवायचे भाग), प्रत्येकावर रोल नंबर ठोकलेला. आमच्या ह्यांनी एक उचलून बघितला, परत ठेवला, दुसरा उचलला. मामांना मी विचारलं, पोरं आली नाहीत तर? ते म्हणाले, "जॉब पुरा झाल्याशिवाय जर्नलवर सही न्हाई. आणि तीन दिस दिसला न्हाई तर मी घरला फोन लावतो. सरांच्या आधी मी लावतो." पोरगं तोवर एका मशीनपाशी जाऊन आवाज ऐकत उभं होतं.

त्या दिवशी घरी येताना कुणी काही बोललं नाही, पण ठरलं होतं.

आता पैशांचं, कारण माझा तो रोजचा विषय. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. २०१५ च्या कायद्यानं डोनेशन घ्यायला बंदी आहे. म्हणून कॉलेजनं सांगितलेली फी आणि प्राधिकरणानं मंजूर केलेली फी समोरासमोर ठेवून बघा. खासगी विद्यापीठांचं गणित निराळं, तिथं या आकड्यांवर जाऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीची फी-सवलत कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्यांना मिळते, मॅनेजमेंट कोट्यातून गेलेल्यांना नाही. मुलींना तर २०२४-२५ पासून घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्कमाफी पूर्ण आहे. आमच्याकडं असे पालक येतात ज्यांनी घाईघाईनं कोट्यातली सीट घेतलेली असते, आणि ज्या फीसाठी ते कर्ज मागतात त्यातली बरीचशी भरावीच लागली नसती. हे मी अर्जावर लिहू शकत नाही, म्हणून इथं लिहितेय.

कॅपचा फॉर्म भरतानाही जरा सावकाश. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ती जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्यांत बदल नाही. म्हणजे "बघू तरी मिळतंय का" म्हणून लांबचं नाव पहिल्या नंबरला टाकायचं नसतं. आणि नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची श्रेणी बघत असाल तर तिचं वर्षही बघा. ती साधारण पाच वर्षांसाठीची असते. फ्लेक्सवरचा ए-प्लस तेव्हाचा की आत्ताचा, हे फ्लेक्स सांगत नाही.

प्रवासाचंही बघायला हवं. विद्यार्थ्यांना एसटीच्या पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, त्यामुळं पैशाचं ओझं कमी, वेळेचं मात्र राहतंच. सकाळी सातची गाडी धरणाऱ्या पोराचा दिवस कसा जातो ते मी भाचीचं बघितलंय. कॉलेजात बसायच्या आधीच दमलेली असते. जवळ राहायची सोय करता आली तर बघावी. या गावाला ते नवं नाही. शाहू महाराजांनी १९०१ साली इथं पहिलं बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. दसरा चौकातून जाताना त्यातली काही अजून दिसतात. खेड्यातलं पोर शहरात टिकायचं तर त्याला आधी राहायला जागा लागते, हे त्यांना तेव्हा कळलं होतं.

आमच्या पोराचं सगळं सुरळीत चाललंय असं नाही. थेट दुसऱ्या वर्षात गेल्यामुळं पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग त्याला येत नव्हतं, आणि पहिल्याच सेमिस्टरला एक विषय राहिला. उद्यमनगरात एक जुने ड्राफ्ट्समन आहेत, ह्यांच्या ओळखीचे, त्यांच्याकडं रविवारी पाठवतो. ते पैसे घेत नाहीत, पण पेन्सिलीला टोक नीट नसलं तर घरी पाठवतात. दीर अजून इंजिनिअरिंगचं काढतात. सासूबाई खूश आहेत, पोरगं रोज दुपारचं जेवायला घरी असतं.

कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की सगळे तिथंच पळणार, आणि तुमच्या पोराला मशीनच्या आवाजात रस असेलच असं नाही. मागच्या गल्लीतल्या एकीची मुलगी आहे, कॉमर्सला ५४ टक्के, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) भराभर चालवते. तिच्या घरच्यांनी बीबीएचं डोक्यात घेतलंय, पण २०२४ पासून त्यालाही सीईटी लागते हे त्यांना परवा माझ्याकडून कळलं. साधं बी.कॉम. करून सोबत एखाद्या सीएच्या ऑफिसात हिशेब शिकावे असं पोरीचं म्हणणं आहे, आणि मला ते पटतं. येत्या बुधवारी तिघं मिळून दोन कॉलेजं बघायला जायचंय. तिच्या पप्पांना सांगितलंय, सकाळी नको, दुपारी अडीचला जाऊ. जेवणानंतरच्या तासाला वर्गात किती पोरं आणि किती सर उरतात, ते तेव्हाच दिसतं.