तेरा-दहा

ओमाहा, रविवार, २४ ऑगस्ट २०२५

नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा हंगामातला पहिला सामना या गुरुवारी, २८ तारखेला, कॅन्सस सिटीत सिनसिनाटीशी आहे. बुधवारी गणपती बसतायत आणि आमचा दीड दिवसाचा, म्हणजे विसर्जन आणि सामना एकाच संध्याकाळी. सासूबाईंना पुण्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, "आरत्या सगळ्या म्हणा हो, चेंडू काही पळून जात नाही." सगळ्या म्हणणार आहोत. लवकर सुरू करू, एवढंच.

काल शेजारच्या आजोबांच्या गॅरेजात दरवर्षीसारखी बैठक झाली. माझी मुलं त्यांना आजोबाच म्हणतात. त्यांच्याकडे वडिलांपासून चालत आलेली लिंकनच्या मेमोरियल स्टेडियमची, म्हणजे संघाच्या घरच्या मैदानाची, दोन तिकिटं आहेत. कोविडचा २०२० चा हंगाम सोडला तर त्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याची तिकिटं १९६२ पासून पूर्ण विकली गेली आहेत. संघ जिंको की हरो. आणि मधली कितीतरी वर्षं संघ हरतच होता. २०१६ साली नऊ सामने जिंकले, त्यानंतर तेवढे कधीच नाही. तरी ऑगस्ट आला की गॅरेजात खुर्च्या मांडल्या जातात, कणसं उकडली जातात आणि यंदा संघ किती सामने जिंकेल तो आपला आकडा प्रत्येकाला सांगावा लागतो. या राज्यात एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या लीगचा, संघ नाही. जे काय प्रेम आहे ते सगळं या कॉलेजच्या पोरांच्या वाट्याला येतं.

आजोबांचा आकडा दहा. त्यांचा सगळा भरवसा तिसऱ्या वर्षावर. मुख्य प्रशिक्षक मॅट रूल २०२३ च्या हंगामापासून इथे आहेत. त्याआधी टेम्पल विद्यापीठात त्यांनी पहिल्या वर्षी दोन सामने जिंकले, दुसऱ्या वर्षी सहा, तिसऱ्या वर्षी दहा. नंतर बेलर विद्यापीठात एक, सात, अकरा. आपल्याकडे पाच झाले, सात झाले. आजोबा हे बोटांवर मोजतात आणि तिसरं बोट तसंच उभं धरून सगळ्यांकडे बघतात.

मला ते पटत नाही, आणि काल मी तसं स्पष्ट बोलले. टेम्पल-बेलरच्या काळात पहिल्या वर्षी मार खाल्लेली पोरंच तिसऱ्या वर्षी तयार होऊन मैदानात उतरायची. आता कुठलाही खेळाडू हंगाम संपला की दुसऱ्या कॉलेजात जाऊ शकतो, आणि जातोही. यंदाचे आपले दोन महत्त्वाचे रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे, बघा: डेन की केंटकीहून आला, नायझाया हंटर कॅलिफोर्नियाहून. शिवाय १ जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, यंदा एका विद्यापीठाने सगळ्या खेळाडूंना मिळून जास्तीत जास्त दोन कोटी पाच लाख डॉलर. पोरांना त्यांच्या कष्टाचे पैसे मिळतात याचा मला आनंदच आहे. पण प्रशिक्षकाचं तिसरं वर्ष म्हणजे संघाचंही तिसरं वर्ष, हे गणित आता उरलेलं नाही.

लिंकनला पीएचडी करणारा कोल्हापूरचा मुलगाही आला होता. पेठेतल्या तालमींच्या फुटबॉलवर वाढलेला, त्यामुळे वाद कसा घालायचा हे त्याला शिकवावं लागत नाही. तो म्हणाला, "ताई, वेळापत्रक बघा की! ओहायो स्टेट नाही, ओरेगन नाही, इंडियाना नाही." इंडियानाने गेल्या वर्षी आपल्याला ५६-७ असं धुतलं होतं. यंदा मिशिगन, यूएससी आणि आयोवा तिन्ही लिंकनला येणार. बाहेर जाऊन खरी कसोटी फक्त पेन स्टेटची. त्याचा आकडा नऊ. मुद्दा खरा आहे, पण त्याने माझं समाधान होत नाही. कारण आपण बलाढ्य संघांकडून हरतो हे आपलं दुखणंच नाही.

आपलं दुखणं तेरा-दहा आहे.

२०२३ चा पहिलाच सामना, मिनेसोटात: १३-१०, शेवटच्या क्षणी फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून किक मारून तीन गुण, मिळवून त्यांनी जिंकला. त्याच वर्षी मेरीलँड आपल्याकडे आले: १३-१०, शेवटच्या क्षणी फील्ड गोल. मग थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी आयोवा: पुन्हा १३-१०, पुन्हा तसाच. आणि गेल्या वर्षी आयोवाच्याच मैदानावर मध्यंतराला आपण १०-० पुढे होतो. त्यांनी बरोबरी केली. शेवटची काही सेकंद उरलेली, आपला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, डिलन रायोला याच्या हातून चेंडू निसटला, त्यांनी उचलला आणि ५३ यार्डांवरून किक गोलात. १३-१०. त्या रात्री आजोबांनी टीव्ही बंद केला नाही. आयोवाची पोरं मैदानावर नाचत होती ते शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "चांगली मारली किक." समोरच्याच्या खेळाला दाद देण्याची ही इथली रीत आहे. पाहुणा संघ जिंकून निघाला तर लिंकनमध्ये लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. मला हे गाव आपलं वाटायला लागलं ते या टाळ्यांमुळे.

गेल्या वर्षीच्या सहा पराभवांपैकी पाच आठ किंवा त्याहून कमी गुणांचे होते. संघ कमकुवत असता तर असं झालं नसतं. शेवटची दोन मिनिटं आपल्याला खेळता येत नाहीत. म्हणून यंदाच्या बदलांत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो माइक एकेलर यांचा. टेनेसीहून आलेत, किक, पंट, परतीच्या धावा हे सगळं त्यांच्याकडे आहे. गॅरेजात त्यांचं नाव काढलं तर कुणी मान वर करत नाही, सगळे रायोलाबद्दल बोलतात. साहजिक आहे. डिलनचे वडील डॉमिनिक इथेच सेंटर म्हणून खेळले. गेल्या वर्षी पहिल्याच वर्षात मुलाने संघ अंगावर घेतला, टचडाउनचे, म्हणजे सहा गुण मिळवून देणारे, तेरा पास दिले आणि अकरा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिले. यंदा ते अकरा कमी होतील असं मला मनापासून वाटतं. डेना होल्गोरसेन यांनी गेल्या नोव्हेंबरात आक्रमणाची सूत्रं घेतल्यावर विस्कॉन्सिनला ४४-२५ हरवलं, तेव्हा तो मुलगा मोकळेपणाने खेळताना दिसला होता. बचावाची मात्र काळजी आहे. टाय रॉबिन्सन एनएफएलमध्ये गेला, बचावाचे समन्वयक टोनी व्हाइट फ्लोरिडा स्टेटला गेले. मधली फळी जड माणसांशिवाय टिकत नाही, आणि धावत अंगावर येणारे संघ हे ओळखून असतात.

रात्री वेळापत्रक पुन्हा काढून बसले, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तेरा-दहाने हरवणारे तिघेही यंदा आहेत. ११ ऑक्टोबरला मेरीलँडमध्ये, लगेच १७ ला शुक्रवारी मिनेसोटात, आणि शेवटी २८ नोव्हेंबरला आयोवा, आपल्या घरी. माझ्या लेखी हंगाम म्हणजे हे तीन सामने. पेन स्टेटकडून हरलो तर वाईट वाटेल, पण त्यातून काही कळणार नाही. मिनेसोटात चौथ्या सत्रात तीन गुणांनी पुढे असताना चेंडू आपल्याकडे ठेवून घड्याळ संपवता आलं, तर मी आजोबांचं तिसरं बोट मान्य करेन.

माझा आकडा आठ. आजोबांनी तो पेन्सिलीने कॅलेंडरवर लिहिलाय, त्यांच्या दहाच्या खाली. त्यांचं म्हणणं, मी भितेय. तसं नाही. आठमध्ये मेरीलँड आणि मिनेसोटा धरलेत. आयोवा अजून धरलेला नाही. तिन्ही जिंकलो तर नऊ होतील, आणि नऊ सामने जिंकलेला संघ माझ्या धाकटीने जन्मापासून पाहिलेला नाही. आयोवाच्या सामन्याला आजोबा त्यांचं दुसरं तिकीट तिलाच देणार आहेत.